सांगता येत नाही

आमच्या फॅमिली ग्रुपवर आतेभावाने एक चार्ट टाकला. वीस-पंचवीस देशांची नावं एकाखाली एक, प्रत्येकापुढे दोन रंगांची आडवी पट्टी, आणि वर इंग्रजीत लिहिलेलं की चीनच्या वाढत्या ताकदीबद्दल जगातल्या लोकांना काय वाटतं वगैरे. स्वीडनची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च भरलेली, नेदरलँड्सची तशीच, जपानचीही जवळपास तशीच, आणि आपली मात्र बरीच आधी संपलेली, पुढे नुसतं पांढरं. त्याखाली आतेभावाची कॉमेंट, "बघा, आपल्या लोकांना जगाचं काही पडलेलंच नाही, वाईट मत तर सोडा, मतच नाही." त्यावर तीन हसणारे चेहरे, एक अंगठा, आणि मग मोठ्या काकूंनी पाठवलेला शुभ सकाळचा गुलाब.

मी काही लिहिलं नाही. फॅमिली ग्रुपवर वाद घालायचा नाही हे मी कधीच ठरवून टाकलंय. पण तो पांढरा तुकडा काही डोक्यातून जाईना. रात्री झोपायच्या आधी मी परत तो चार्ट उघडून झूम केला, तर खाली अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ज्यांनी उत्तर दिलं नाही ते इथे दाखवलेले नाहीत. झालं, एवढंच. म्हणजे ती माणसं आहेत, त्यांच्या दारात कोणीतरी गेलेलं आहे, त्यांना प्रश्न विचारलेला आहे, त्यांनी काहीतरी म्हटलेलंही आहे, फक्त ते चार्टवर नाहीत. आणि मला हे इतकं लागायचं कारण सरळ आहे, तसले पांढरे तुकडे मी स्वतः भरलेत. बॉलपेनने, गोल करून.

एम.ए. करताना आणि त्यानंतरही काही काळ मी एका एजन्सीसाठी फील्डचं काम केलं. तेव्हा टॅब्लेट वगैरे नव्हते, कागदी प्रश्नावली असायच्या, स्टेपल मारलेल्या, एकेक चांगली जाडजूड. सर्व्हे मुळात कोणाचा आहे हे आम्हाला सांगत नसत, "परदेशी क्लायंट आहे, इतक्या देशांत एकाच वेळी चाललंय" एवढंच ट्रेनिंगमध्ये सांगायचे, आणि खरं सांगते, दहिवडीच्या एसटी स्टँडवर उन्हात उभं असताना ते वाक्य आठवून मला भारी वाटायचं. की आत्ता या क्षणी केनियात, पेरूमध्ये, पोलंडमध्ये माझ्यासारखीच कोणीतरी मुलगी पाठीला सॅक लावून हेच प्रश्न घेऊन कुत्र्यांना चुकवत चाललीय. त्या पोरींची तोंडं मी कधी बघितली नाहीत पण आमचं काहीतरी नातं आहे असं वाटायचं. पाय तर सगळ्यांचे सारखेच दुखत असणार.

गावात शिरलं की स्टार्टिंग पॉइंट ठरलेला असायचा, मारुतीचं देऊळ किंवा ग्रामपंचायत किंवा शाळा, तिथून उजवा हात धरून निघायचं आणि ठराविक घरं सोडून पुढच्या घरात जायचं. बरं दिसतंय, सावली आहे, पाणी विचारतील असं घर निवडायचं नाही, जे येईल ते. आणि घरात गेल्यावरही जो समोर बसलाय त्याला विचारायचं नाही. आधी घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची वयानुसार यादी करायची आणि मग प्रश्नावलीवर छापलेल्या एका तक्त्यात बघायचं की या घरातल्या यादीतला कितवा माणूस. त्याला किश ग्रिड म्हणतात. लेस्ली किश नावाचा माणूस होता, मूळचा हंगेरियन, लहानपणीच अमेरिकेत गेलेला, स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढून आलेला, त्याने १९४९ साली ही पद्धत छापली. त्याला माण तालुक्यातलं घर डोळ्यासमोर असण्याची काहीच शक्यता नव्हती, पण त्याच्या त्या तक्त्याने आमच्या गावागावांत जी काही खळबळ उडवून दिली ती त्याने बघायला हवी होती.

कारण तक्ता म्हणायचा, सून.

एक घर मला स्वच्छ आठवतं. पुढे पत्र्याची शेड, त्यात बाजेवर सासरे बसलेले, पांढरी टोपी, हातात तंबाखूची चंची. सून खाली बसून सुपात हुलगे पाखडत होती. यादी केली, तक्ता बघितला, सून निघाली. सासऱ्यांना आधी कळेनाच. मग म्हणाले, "तिला काय इचारताय? मी सांगतो की. सोसायटीचा चेअरमन हुतो मी." मी ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलेलं वाक्य म्हटलं, की आजोबा, तुमचं म्हणणं बरोबर आहे पण कॉम्प्युटरने यांचंच नाव काढलंय. (कॉम्प्युटर कुठला, कागदावरचा तक्ता, पण कॉम्प्युटर म्हटलं की लोक ऐकायचे.) तोवर शेजारपाजारच्या सहा-सात बाया आणि दहाबारा पोरं जमलेली, "घरकुलाचं हाय का?", "रेशनकार्डाचं असंल", "नावं लिवून घ्यायलीत, आपलंबी लिवा म्हणावं". एकांतात मुलाखत घ्यावी असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं. एकांत! त्या गावात एकांत फक्त विहिरीच्या तळाशी असेल, आणि मार्च उजाडला की तिथेही चार जण घागरी घेऊन उतरलेले.

तर मी शोकार्ड काढलं, त्यावर उत्तरं लिहिलेली, फार चांगलं, थोडं चांगलं, थोडं वाईट, फार वाईट. आणि विचारायला लागले, अमेरिकेबद्दल तुमचं मत काय, चीनबद्दल काय, संयुक्त राष्ट्रसंघाबद्दल काय. तिने सूप खाली ठेवलं, पदर नीट केला, कार्डाकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आता काय सांगू." नियम असा की प्रश्न जसाच्या तसा एकदा परत वाचायचा, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, काही सुचवायचं नाही. मी परत वाचला. ती हसली. "तुमीच लिवा काय ती." मी ८ ला गोल केला. ८ म्हणजे 'सांगता येत नाही'. ९ म्हणजे 'उत्तर द्यायला नकार'. पुढचा प्रश्न, ८. त्याच्या पुढचा, ८. मधे एकदा सासरे म्हणाले, "लिवा, अमेरिका चांगली हाय," आणि ती लगेच म्हणाली, "व्हय, चांगली." आता हे काय लिहायचं? ते तिचं उत्तर आहे का? आणि बाकीच्या प्रश्नांना ती जे गप्प राहिली ते आठ होते का नऊ? तिला सांगता येत नव्हतं, का सासऱ्यांसमोर सांगायचं नव्हतं? मॅन्युअलमध्ये यावर अर्धी ओळ होती, सुपरवायझरला विचारा म्हणून, आणि सुपरवायझर तिकडे पारावर पेपर वाचत बसलेला. शेवटी याने काही फरकही पडत नाही म्हणा, कारण रिपोर्टच्या मागे जे लांबलचक तक्ते जोडलेले असतात त्यात बहुतेक वेळा आठ आणि नऊ एकाच रकान्यात टाकतात. अगदी उजवीकडचा रकाना. तिथपर्यंत कोणी येत नाही.

निघाले तेव्हा ती कळशी घेऊन हापशापर्यंत माझ्याबरोबर आली. शेड मागे पडल्यावर तिचा आवाजच बदलला. म्हणाली, "ताई, त्या दुसऱ्या देशातल्या बायास्नीबी ह्येच इचारलं का?" मी म्हटलं हो. "मग त्या काय म्हनाल्या?" मला काय माहीत असणार. आमचे भरलेले फॉर्म पोत्यात घालून पुण्याला जायचे, तिथून पुढे कुठे, आकडे कधी येणार, आम्हाला कोणी सांगत नसे. मग हापसा मारता मारता तीच बोलायला लागली. माहेर विट्याकडचं, दोन्ही भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यात, एक कोइमतूरला एक कानपूरच्या बाजूला. आणि म्हणे, सोन्याचा भाव तिकडे अमेरिकेत काही झालं की हलतो, भाऊ रात्री फोन करतो तेव्हा आवाजावरूनच कळतं आज काय झालंय, आणि भाव एकदम चढला की लोक सोनं घेतच नाहीत मग भट्टीला काम कुठून येणार, मग दिवाळीला साडी येत नाही. हे सगळं ती कळशी भरेपर्यंत सांगून गेली. अमेरिकेबद्दल तुमचं मत काय, याचं याहून नेमकं उत्तर मला त्या पूर्ण राऊंडमध्ये मिळालं नाही. फॉर्मवर आठ.

आता कोणी म्हणेल की हा एका बाईचा किस्सा झाला, सर्व्हे म्हणजे आकड्यांचा खेळ, एकटी-दुकटीचं काय घेऊन बसलीस. मान्य आहे. आणि एकशे चाळीस कोटींच्या देशाचं मत दीड-दोन हजार माणसांवरून कसं काय काढता बुवा, असं जे लोक छद्मी हसून विचारतात त्यांच्याशी मी आजही भांडते. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो की, पातेलं केवढं आहे त्याने फरक पडत नाही, फक्त भात नीट ढवळलेला पाहिजे, आणि ते उजव्या हाताचे नियम, ती घरं सोडणं, तो किशचा तक्ता हे सगळं म्हणजे ते ढवळणंच आहे. न ढवळता खंडीभर शितं काढली तरी उपयोग नाही. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांच्या वर परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी सांगितलं की अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकला. तर माणसं किती हा माझा मुद्दाच नाही. माझं डोकं अडकतं ते पुढे, उत्तरं एकाशेजारी एक मांडतात तिथे.

अमर्त्य सेन यांनी एक उदाहरण दिलंय ते मी फील्डच्या त्या दिवसांनंतर वाचलं आणि वाचताना अक्षरशः मांडीवर थाप मारली. केरळातली माणसं बिहारातल्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त जगतात, पण तुम्ही त्यांना विचारलंत की तब्येत कशी आहे, काय आजार आहे, तर आजारी असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण केरळात जास्त आणि बिहारात कमी. आणि अमेरिकेत तर केरळाच्याही वर. म्हणजे नुसत्या उत्तरांवर गेलात तर बिहार ठणठणीत. कारण उघड आहे, जिथे दवाखाना आहे, शाळा आहे, डॉक्टरने कधीतरी बीपी तपासलेलं आहे, तिथल्या माणसाला आपल्याला काय होतंय ते सांगता येतं. माझी आजी गुडघे धरून धरून उठायची आणि कोणी विचारलं तर "मला काय धाड भरलीय" म्हणायची. तिला शून्य ते दहाच्या शिडीवर बसवा आता. आणि बसवतातच, गॅलप या सर्व्हे कंपनीचे लोक २००५ पासून शंभराहून जास्त देशांत विचारतायत, की कल्पना करा एक शिडी आहे, वरच्या टोकाला तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट, तुम्ही आत्ता कुठल्या पायरीवर. त्यावरूनच तो दर मार्चला येणारा आनंदी देशांचा अहवाल निघतो ज्यात २०१८ पासून वर्षानुवर्षं फिनलंड पहिला आणि आपण २०२५ मध्ये ११८ वे, आणि मग ग्रुपवर दोन दिवस आरडाओरडा, पाकिस्तान आपल्या वर कसा. अहो, आपल्याकडे आपलं फार बरं चाललंय असं चारचौघांत मोठ्याने सांगायला माणूस कचरतो, दृष्ट लागेल म्हणून. ज्या अंगणात पंचवीस जण जमलेत तिथे कोण म्हणेल मी नवव्या पायरीवर. आपण खरंतर आनंदी आहोत असं मला म्हणायचं नाहीये हं, अजिबातच नाही. ती शिडी प्रत्येक दारात तेवढीच उंच राहत नाही, एवढंच.

हे संशोधकांना कळत नाही असंही नाही, त्यांनी यावर भारी डोकं लावलंय. हार्वर्डच्या गॅरी किंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छापलेलं एक काम आहे. चीन आणि मेक्सिको, दोन्हीकडे लोकांना विचारलं, सरकारच्या कारभारात तुमचं कितपत चालतं. मेक्सिकोत तेव्हा नुकतंच लोकांनी मतदान करून सत्तर वर्षं सत्तेत बसलेल्या पक्षाला घरी पाठवलेलं, चीनमध्ये तसलं काही करायची सोयच नाही, आणि तरी आमचं चालतं म्हणण्यात चिनी लोक मेक्सिकोच्या पुढे! मग त्यांनी काय केलं, प्रत्येकाला काही काल्पनिक माणसांच्या छोट्या गोष्टी सांगितल्या. एका बाईच्या वस्तीत प्यायचं पाणी स्वच्छ नाही आणि ती नि शेजारी मिळून हा प्रश्न सोडवू म्हणणाऱ्या उमेदवाराला निवडून आणायच्या मागे लागलेत, दुसऱ्या कोणाला मतच देता येत नाही, सरकारात कोणाला आपलं काही पडलेलं नाही असं वाटतंय म्हणून तो नुसता सोसतोय, अशा. आणि विचारलं, या माणसांचं कितपत चालतं ते सांगा बरं. तिथे पितळ उघडं पडलं. चीनमधल्या बऱ्याच लोकांनी स्वतःला त्या नुसत्या सोसणाऱ्या माणसाच्याही खाली ठेवलं होतं. त्यांची 'बरंच चालतं' ची व्याख्याच तेवढी खाली होती. गोष्टी धरून परत हिशेब केला तर दोन देशांचा क्रम उलटा झाला. मला हे वाचून आनंद झाला आणि जरा भीतीही वाटली, कारण या गोष्टी जोडलेल्या नसतात अशा सर्व्ह्यांचं काय, आणि तसले सर्व्हेच जास्त.

रशियाचं अजून वेगळंच. तिथे २०१५ साली काही संशोधकांना प्रश्न पडला की पुतिनला ऐंशी टक्क्यांच्या वर पाठिंबा दिसतोय तो खरा का भीतीचा. मग त्यांनी थेट विचारलंच नाही. अर्ध्या लोकांना काही नावांची यादी दिली आणि म्हटलं यातल्या किती जणांना तुमचा पाठिंबा आहे तो फक्त आकडा सांगा, कोण ते सांगू नका. उरलेल्या अर्ध्यांना तीच यादी पण त्यात पुतिनचं एक नाव जास्त. दोन्हीकडच्या सरासरीतला फरक तो पुतिनचा पाठिंबा. आकडा थेट विचारण्यापेक्षा दहाएक टक्क्यांनी कमी आला. म्हणजे पाठिंबा बराचसा खराच होता, पण फार तर दहा टक्के माणसं दाराशी आलेल्या पोरीला किंवा पोराला घाबरत असावीत. त्या सर्व्हेवाल्यांचं ऑफिस कुठलं आणि तो कागद नंतर कोणाच्या टेबलावर जाणार हे त्यांना माहीत नव्हतं ना. हे काम ज्यांनी फील्डवर केलं त्या लेवाडा सेंटरला पुढच्याच वर्षी सरकारने 'विदेशी एजंट' ठरवलं. मला ती शेड आठवली. बाजेवरच्या सासऱ्यांना जरा वाईट वाटेल, पण आठवली.

आणि एक गंमत सांगायची राहिली. भरलेल्या पट्ट्या, ज्यांचं आतेभावाला एवढं कौतुक, त्याही भरवता येतात. १९४७ साली अमेरिकेत एकाने लोकांना 'मेटॅलिक मेटल्स अ‍ॅक्ट' या कायद्याबद्दल मत विचारलं. धातूच्या धातूंचा कायदा! असला कायदाच नव्हता. आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास लोकांनी मत दिलं, कोण म्हणे राज्यांवर सोडावं, कोण म्हणे चांगलं पाऊल आहे. शाळेत गेलेल्या माणसाला हात वर करायची सवय लागलेली असते, मला येत नाही म्हणणं म्हणजे नापास. आणि आता तर अमेरिकेतली बरीच पाहणी ऑनलाइन पॅनेलवर होते, स्क्रीनवर चार पर्याय येतात आणि 'माहीत नाही' हे बटण बरेचदा नसतंच, दाबा काहीतरी नाहीतर सोडून पुढे जा. माणूस दाबतो. आपल्याकडे कोणीतरी समोर उकिडवं बसलेलं असतं, तिला तोंडावर सांगता येतं की बाई मला नाही कळत. म्हणजे पांढरा तुकडा किती मोठा हे थोडंफार विचारायच्या तऱ्हेवरच ठरतं, पण चार्टवर ते सगळं एकाच जाडीच्या पट्टीत, भारताखाली अमेरिका, अमेरिकेखाली ब्रिटन. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने, म्हणजे यूएनडीपीने, तर २०२० मध्ये मोबाइल गेममधल्या जाहिरातींच्या जागी हवामानबदलाचे प्रश्न टाकले होते, ५० देश, बारा लाख लोक, आणि ६४ टक्के म्हणाले ही जागतिक आणीबाणी आहे. कल्पना मस्त आहे, पोरांपर्यंत पोचायची तर तीच वाट, पण माझा भाचा गेममधली जाहिरात कशी बंद करतो ते मी बघितलंय. त्यांनीही पुढच्या वेळी, २०२४ ला, ७७ देशांत लोकांना फोन लावले, ७३ हजारांच्या वर. त्यात ८० टक्के लोकांनी म्हटलं की सरकारने हवामानासाठी आणखी काहीतरी ठोस करावं. हा आकडा मी कुठेही दिसला की थांबून वाचते, कारण वाटतं की यात जयसिंगपूरचा कोणीतरी असेल ज्याच्या घरात पुराचं पाणी दोनदा शिरलंय.

मला नेहमी वाटतं की प्रश्न घरून लिहून आणलेले असतात हीच मोठी अडचण आहे. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्या माणसाला युरोपियन युनियनबद्दल विचारून बघा. २०१० ला आपले कंटेनर तिकडे अडकले होते, क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश सापडले म्हणून, तेव्हापासून एमआरएल, म्हणजे फळात औषधाचा अंश किती चालतो त्याची मर्यादा, हा शब्द तिथल्या बायकांनाही पाठ आहे, कुठल्या फवारणीला किती दिवस, कुठला अंश किती चालतो, ब्रुसेल्समध्ये बसलेल्या कोणत्या साहेबाला काय वाटतं, सगळं. वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्याला बांगलादेशाबद्दल विचारा, तिथे आयात शुल्क वाढवत नेलं आणि इकडे बागेत संत्र्याचा भाव पडला, तो तुम्हाला ढाक्याच्या धोरणावर तासभर बोलेल आणि वर दिल्लीवरही बोलेल. लासलगावला कांद्याची निर्यातबंदी म्हटलं की पुढचं तुम्हाला विचारावंच लागणार नाही. पण प्रश्नावलीत विचारलेलं असतं की अमुक राष्ट्राध्यक्ष जागतिक घडामोडींत योग्य ते करतील असा तुम्हाला कितपत विश्वास वाटतो. सगळ्या देशांत तेच विचारायला हवं, नाहीतर तुलना होणार नाही, हेही खरंच आहे, मला त्यावर उत्तर नाही. वॉशिंग्टनमध्ये बसून संत्र्याचा प्रश्न कोण लिहिणार आणि तो पेरूमध्ये कोणाला विचारणार.

एवढं सगळं बोलूनही कोणी मला म्हणालं की हे सर्व्हे बंद करा, तर मी पहिली नाही म्हणेन. त्या घरात त्या सुनेला कोण काय विचारायला आलं होतं आधी? ग्रामसभेला ती जात नव्हती, मत कुठे टाकायचं ते घरात ठरायचं, बचत गट तेव्हा अजून त्या वाडीत पोचला नव्हता. आणि एक दिवस एक परकी मुलगी येऊन म्हणते की आजोबा, तुम्ही नाही, या. तुमचं नाही, यांचं मत पाहिजे. सासरे रागावले, बाया हसल्या, तिला स्वतःलाही ते पटलं नाही, पण तो तक्ता काही हलला नाही. पुढे प्यू रिसर्च या अमेरिकन संस्थेने भारतातल्या धर्माबद्दल तीस हजार लोकांशी १७ भाषांमध्ये बोलून अहवाल काढला, २०२१ मध्ये, त्यावर टीव्हीवर केवढा गदारोळ झाला, तेव्हा मी बातम्या बघत होते आणि मनात म्हणत होते की यातल्या किती जणी पहिल्यांदाच कोणासमोर स्वतः बोलल्या असतील. ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

परवा दुपारी आमच्या बिल्डिंगखाली आवाज चाललेला म्हणून खिडकीतून बघितलं तर वॉचमन एका मुलीला अडवून उभा. गळ्यात आयकार्ड, सॅक, हातात टॅब, घामाघूम. "सर्व्हेवाल्यांना वर सोडायचं नाही, कमिटीचा नियम आहे." गावात निदान पाणी तरी मिळायचं, सोसायट्यांत तर गेटच ओलांडता येत नाही, आणि मग सगळे म्हणतात की सर्व्हेत आमच्यासारखी माणसं येतच नाहीत. मी खाली जाऊन तिला वर घेऊन आले, पंखा लावला, सरबत दिलं. घरातल्यांची नावं टॅबमध्ये घातली, टॅबने मला निवडलं (आता खरोखरच कॉम्प्युटर). प्रश्न तसेच, थोडेफार कपडे बदललेले. एके ठिकाणी संयुक्त राष्ट्रसंघाबद्दल मत विचारलं. गाझा, युक्रेन, व्हेटो, हवामान परिषदा, ते सगळं डोक्यात एकदम आलं आणि त्यातलं काहीच 'थोडं चांगलं' नि 'थोडं वाईट' मध्ये बसेना. मी म्हटलं, सांगता येत नाही.

"मॅडम, असं नका ना करू," ती कळवळून म्हणाली, "तुम्ही तर एवढ्या शिकलेल्या. काहीतरी सांगा. डोन्ट नो जास्त आले की आमचा सुपरवायझर ओरडतो, फॉर्म रिजेक्ट होतो."

मी म्हटलं, तेच टाक, आणि ओरडला तर माझा नंबर दे, मी बोलते त्याच्याशी. तिने टाकलं, जरा फुगूनच. मग सरबत संपवून विचारलं की आता तीन घरं सोडून चौथं घ्यायचंय, ते वरच्या मजल्यावर येतंय, ते लोक दार उघडतील का. वर कुलकर्णी वहिनी असतात. मी तिथल्या तिथे फोन लावला, म्हटलं वहिनी, एक मुलगी पाठवतेय, दार उघडा, आणि भाऊजींना पुढे करू नका, यादीत तुमचं नाव निघालं तर तुम्हीच बोला.